हिरडीतले औषध आणि मुळावरचे कीटण

नाशिक : दात दुखू लागला की माणूस दंतवैद्याकडे धाव घेतो. हिरडीतून रक्त आले तर मात्र तो ब्रश बदलतो, पेस्ट बदलतो आणि फार तर औषधाच्या दुकानातून गोळ्यांची एक पट्टी घेऊन येतो. घरोघरी ज्याला पायोरिया म्हणतात तो हिरड्यांचा विकार सहसा दुखत नाही, आणि हेच त्याचे खरे बळ आहे. वर्षानुवर्षे तो दाताभोवतीचे हाड मुकाट्याने पोखरत राहतो. भाकरीचा तुकडा तोडताना दात हलल्याचे लक्षात येते, तेव्हा निम्मे हाड गेलेले असते आणि गेलेले हाड बहुतेक वेळा परत येत नाही.

अशा रुग्णापुढे आता एक नवा पर्याय ठेवला जातो. हिरडीखालची सखोल सफाई, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत ‘डीप क्लिनिंग’, झाल्यावर दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत औषधाची एक बारीक चकती, जेल किंवा धागा ठेवायचा. औषध तिथेच हळूहळू झिरपते आणि जंतू मारते. कल्पना आकर्षक आहे. गोळ्या नकोत, शस्त्रक्रिया नको, टाके नकोत. कॉलेज रोड, गंगापूर रोडपासून सिडको आणि नाशिकरोडपर्यंत दंतवैद्यांच्या पाट्यांची दाटी असलेल्या या शहरात रुग्णाला पर्यायांची वाण नाही. वाण आहे ती त्या पर्यायांचे मोल नेमके किती, या माहितीची. औषधाने किती फरक पडतो, कोणाला पडतो आणि सफाईविना ते ठेवले तर काय होते, हे प्रश्न खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या मनात येतात, पण तोंडात आरसा आणि नळी असताना विचारले जात नाहीत.

आधी रोग समजून घ्यायला हवा. निरोगी हिरडी आणि दात यांच्यात एक ते तीन मिलिमीटर खोलीची नैसर्गिक खाच असते. दातावर साचणारा जंतूंचा चिकट थर रोज निघाला नाही की लाळेतील क्षार त्यावर बसतात आणि त्याचे कीटण होते. कीटणाचा खडबडीत पृष्ठभाग नव्या थराला आसरा देतो. थर हिरडीखाली उतरतो, हिरडी सुजते आणि खाच चार, पाच, सात मिलिमीटर खोल होत जाते. याच खाचेला दंतवैद्य ‘पॉकेट’ म्हणतात. तिथे प्राणवायू पोचत नाही आणि प्राणवायूचे वावडे असलेले जंतू नेमके तिथेच फोफावतात. हाड मात्र जंतू थेट खात नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीराने जी दाहाची आग पेटवलेली असते, तीच हाडाला लागते. विकार तोंडभर पसरला असेल तर या सर्व खाचांच्या आतली सुजलेली बाजू मिळून ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. हातावर एवढी उघडी जखम असती तर कोणीही एक दिवस दम धरला नसता.

व्याप्तीबद्दल बोलायचे तर, भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातील दहापैकी जवळपास नऊ जणांना हिरड्यांचा कोणता ना कोणता त्रास आढळला होता. यात नुसते रक्त येणे आणि कीटण असणे हेही धरलेले आहे, त्यामुळे आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. हाड झिजवणारा गंभीर विकार त्यातल्या काहींनाच होतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मौखिक आरोग्य अहवालात या गंभीर विकाराचे रुग्णही जगात शंभर कोटींहून अधिक असल्याचे म्हटले आहे.

महाराष्ट्रात याला तंबाखूची जोड आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते आणि त्यातही बिनधुराच्या तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के होते. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण मशेरीचे काय? दात घासायचे म्हणून भाजलेली तंबाखू हिरड्यांवर चोळण्याची सवय, विशेषतः कष्टकरी स्त्रियांमध्ये, अजून आहे. तिच्याकडे व्यसन म्हणून नव्हे, तर मुखशुद्धी म्हणून पाहिले जाते. विडी-सिगारेटचे आणखी एक कपट असे, की धुरामुळे हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त येण्याची धोक्याची खूणच झाकली जाते. हिरडी वरून धडधाकट दिसते, आत हाड जात असते.

यावरचा मूळ उपाय म्हणजे सखोल सफाई. नेहमीच्या स्केलिंगमध्ये हिरडीच्या वरचे आणि काठालगतचे कीटण निघते. सखोल सफाईत हिरडी बधिर करून, ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र आणि बारीक वळणदार हत्यारे थेट पॉकेटच्या तळापर्यंत नेऊन मुळावरचे कीटण खरवडले जाते. काम नजरेआड चालते. तज्ज्ञाला बोटांना होणाऱ्या स्पर्शावरून मूळ स्वच्छ झाले की नाही हे ठरवावे लागते. त्यामुळे एका बैठकीत तोंडाचा चौथा किंवा अर्धा भागच घेण्याची पद्धत रूढ आहे. ‘साफसफाई केली की दात सैल होतात’ हा समज नाशिकमध्येच काय, महाराष्ट्रभर घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात दात आधीच सैल झालेले असतात आणि दोन दातांमध्ये सिमेंटसारखे बसलेले कीटण त्यांना तात्पुरते धरून ठेवत असते. ते निघाले की फटी दिसतात, सूज उतरल्याने हिरडी थोडी खाली सरकते आणि दोष सफाईच्या माथी येतो. या एका गैरसमजापायी किती दात वाचवता येण्याजोगे असताना गेले असतील, याची गणती कोणी केलेली नाही.

सखोल सफाईला मर्यादाही आहेत. पॉकेट पाच-सहा मिलिमीटरपेक्षा खोल गेले, दाढेची मुळे जिथे दुभंगतात तिथे विकार शिरला किंवा मुळावर खोबण असली, तर हत्यार सर्वत्र पोचत नाही. तळाशी उरलेले जंतू पुन्हा वाढतात. इथे औषधाचा विचार पुढे येतो.

पण औषध पोचवायचे कसे? गुळण्या केल्या तर पाणी खाचेच्या तोंडाशीच थांबते. औषध आत सोडले तरी टिकत नाही, कारण सुजलेल्या हिरडीतून सतत पाझरणारा द्रव पाच मिलिमीटरच्या पॉकेटमध्ये तासाला सुमारे चाळीस वेळा बदलला जातो. म्हणजे आत गेलेले औषध काही मिनिटांत धुऊन निघते. पोटातून गोळी घ्यावी तर सारे शरीर त्या प्रतिजैविकाला सामोरे जाते आणि हिरडीपर्यंत त्याचा अल्पांशच पोचतो. अमेरिकेत बोस्टन येथील फोर्साइथ संस्थेचे संशोधक मॅक्स गुडसन यांनी १९७९ मध्ये औषध जागेवरच साठवून हळूहळू सोडण्याची कल्पना मांडली. तिच्यातून टेट्रासायक्लिनचा धागा तयार झाला. हा धागा पॉकेटमध्ये दहा दिवस राहत असे आणि तेथील द्रवात औषधाचे प्रमाण दर मिलिलिटरला १३०० मायक्रोग्रॅमवर ठेवत असे. गोळ्यांनी गाठता येणाऱ्या प्रमाणाच्या ते शेकडो पट होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९९४ मध्ये मान्यता दिली. पाठोपाठ १९९८ मध्ये क्लोरहेक्सिडिनची चकती आणि डॉक्सिसायक्लिनचे जेल, तर २००१ मध्ये मिनोसायक्लिनची सूक्ष्म गोलके आली. पहिला धागा बसवायला आणि काढायला किचकट असल्याने मागे पडला. विरघळणारी रूपे टिकली.

भारतात चेन्नईत तयार होणारी क्लोरहेक्सिडिनची चकती आणि टेट्रासायक्लिनयुक्त कोलॅजेनचे धागे प्रचलित आहेत. चकतीत अडीच मिलिग्रॅमच्या आसपास औषध असते आणि ते सात ते दहा दिवसांत झिरपून चकती विरघळते, काढावी लागत नाही. तिच्याबाबत एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. या देशी चकतीचे कोलॅजेन माशापासून मिळवलेले असते, तर मूळ परदेशी चकती जिलेटिनची असते. माशाची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला हे आधी कळायलाच हवे. कडक शाकाहार पाळणाऱ्यालाही ते कळण्याचा हक्क आहे.

आता मुख्य प्रश्न. याने फरक किती पडतो? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ मध्ये ७२ संशोधन-लेख तपासून मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसत्या सखोल सफाईने हिरडीची दाताला असलेली पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते, असा त्यांचा निष्कर्ष होता. सफाईला वेगवेगळ्या औषधोपचारांची जोड दिल्यास त्यात आणखी ०.२ ते ०.६ मिलिमीटरची भर पडते. जागेवर ठेवायच्या औषधांपैकी क्लोरहेक्सिडिनच्या चकतीसाठीचा पुरावा मध्यम खात्रीचा ठरला, तर डॉक्सिसायक्लिन जेल आणि मिनोसायक्लिनच्या गोलकांसाठीचा कमी खात्रीचा. युरोपीय हिरडीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० मध्ये अधिक सावध भाषा वापरली. सखोल सफाई करावीच, असे तो निःसंदिग्धपणे सांगतो. हळूहळू झिरपणारे क्लोरहेक्सिडिन आणि काही ठरावीक स्थानिक प्रतिजैविके यांचा मात्र ‘विचार करता येईल’ एवढेच म्हणतो. पोटातून प्रतिजैविके सरसकट देऊ नयेत, असेही त्याने बजावले आहे.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? ज्या सळईने पॉकेटची खोली मोजतात, तिच्यावरच्या खुणा मिलिमीटरच्या असतात आणि दोन तज्ज्ञांच्या मोजणीत एका मिलिमीटरचा फरक पडणे नवलाचे नाही. म्हणजे चकतीने होणारा सरासरी लाभ हा मोजपट्टीवरच्या दोन खुणांमधल्या अंतराहूनही कमी आहे. तरीही त्याला शून्य म्हणणे चुकीचे ठरेल. शेकडो जागांच्या सरासरीत लहान दिसणारा आकडा एखाद्या सहा मिलिमीटरच्या हट्टी पॉकेटला चारवर आणू शकतो आणि तिथली शस्त्रक्रिया टळू शकते. उलट ज्या जागा सफाईनेच बऱ्या होणार होत्या, तिथे ठेवलेली चकती ही रुग्णाच्या खिशातून गेलेली रक्कम ठरते, त्यापलीकडे काही नाही. आणि कोणती जागा कोणत्या प्रकारची आहे, हे पहिल्याच दिवशी सांगता येत नाही. सफाईनंतर सहा आठवडे ते तीन महिने थांबून, पुन्हा मोजणी करूनच ते कळते. म्हणूनच सफाईच्या दिवशीच तोंडभर चकत्या बसवण्याचा उत्साह शंकास्पद वाटतो. फेरतपासणीत दोन-चार जागी रक्त येत असेल, पॉकेट पाच मिलिमीटरहून खोल असेल, रुग्णाचे वय किंवा प्रकृती शस्त्रक्रियेला अनुकूल नसेल, तिथे या उपचाराला अर्थ आहे. वीस-पंचवीस जागा उरल्या असतील तर हिशेब बदलतो. दर जागेला एक याप्रमाणे चकत्यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चाला गाठतो आणि मूळ उघडून साफ करण्याचे काम तसेच राहते.

या सर्व अभ्यासांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे औषध सफाईच्या जोडीला दिलेले आहे. जंतूंचा थर हा सुट्या जंतूंचा घोळका नसून चिकट आवरणाखाली राहणारी बांधीव वस्ती असते आणि त्या आवरणाआड जंतू औषधाच्या कितीतरी पट मोठ्या मात्रेलाही दाद देत नाहीत. वस्ती आधी हत्याराने मोडावी लागते. आपल्याकडे हा क्रम नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दंतशर्करेवर, म्हणजे कीटणावर, सांगितलेला उपाय असाच आहे. मुळांना इजा न करता वैद्याने ती शर्करा काढावी आणि मग मधात कालवलेले लाखेचे चूर्ण तिथे चोळावे. चूर्णाची जागा क्लोरहेक्सिडिनने घेतली, पण ‘आधी काढावी, मग चोळावे’ हा क्रम दोन हजार वर्षांत बदललेला नाही. आज तो मोडण्याचा मोह होतो, कारण चकती बसवायला काही मिनिटे लागतात आणि एका दाढेचे मूळ नीट खरवडायला त्याहून कितीतरी अधिक.

प्रतिजैविकांचा मुद्दा शहरी वाचकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. हिरडी सुजली की ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलसारख्या जोडगोळ्या चिठ्ठीविना मागण्याची आणि मिळण्याची सवय या देशात जुनी आहे. सूज दोन दिवसांत उतरते, कीटण जागेवर राहते, सहा महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार. दरम्यान आतड्यातले आणि शरीरभरचे जंतू त्या औषधाला सरावत जातात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला तो याच चिंतेतून. या तुलनेत जागेवर ठेवायचे औषध निश्चितच उजवे आहे. मिनोसायक्लिन गोलकांच्या एका जागेच्या मात्रेत अवघे एक मिलिग्रॅम औषध असते, तर गोळ्यांची दिवसाची मात्रा दोनशे मिलिग्रॅमची. क्लोरहेक्सिडिन तर प्रतिजैविक नसून जंतुनाशक आहे. अर्थात त्याचीही ॲलर्जी क्वचित होते, कधी तीव्र होते. टेट्रासायक्लिन गटातील औषधे गर्भवती आणि लहान मुलांसाठी वर्ज्य आहेत, हे जागेवर ठेवतानाही विसरून चालत नाही.

मधुमेहींसाठी हा विषय केवळ दातांचा राहत नाही. साखर अनियंत्रित असेल तर हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांतला दाह साखर नियंत्रणात येऊ देत नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र तपासले गेले. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी मधुमेहींची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची पातळी, म्हणजे ‘एचबीए१सी’, ०.४३ अंशांनी घटल्याचे त्यात आढळले. सहा महिन्यांनीही ०.३० ची घट टिकून होती. एखादी गोळी वाढवून मिळणाऱ्या लाभाच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. तरीही मधुमेहाच्या तपासणीत पाय आणि डोळे पाहिले जातात, तोंड उघडून पाहिले जाईलच असे नाही.

नाशिकच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. राज्यातील आरोग्यशिक्षणाचा कारभार पाहणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात, म्हसरूळ भागात आहे. राज्यातील बहुतेक दंत महाविद्यालये त्याला संलग्न आहेत आणि पंचवटीतील महात्मा गांधी विद्यामंदिर संस्थेचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय त्यांपैकीच एक. हिरडीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो आणि देशभर अशा प्रबंधांचा एक आवडता साचा ठरून गेला आहे. तीस-चाळीस रुग्ण घ्यायचे, सफाईनंतर अर्ध्यांच्या पॉकेटमध्ये एखादे जेल सोडायचे आणि तीन महिन्यांनी मोजायचे. जेल कधी हळदीचे, कधी कडुनिंबाचे, कधी कोरफडीचे. निष्कर्ष बहुधा अनुकूल. पण एवढ्या लहान संख्येवरून आणि एवढ्या अल्प काळावरून उपचाराचे धोरण ठरत नाही. स्टॅटिन जेलचे उदाहरण बोलके आहे. कोलेस्टेरॉलच्या या औषधाचे जेल हिरडीत सोडल्याचे भारतातील प्रयोग आकड्यांत प्रभावी दिसत होते. परंतु ते बहुतांश एकाच संशोधकगटाचे असल्याने आणि त्यासाठी मान्यताप्राप्त उत्पादन नसल्याने युरोपीय महासंघाने २०२० मध्ये ते वापरू नये, असा स्पष्ट सल्ला दिला.

दहा महाविद्यालयांनी दहा वेगळी जेल तपासण्याऐवजी एकच देशी चकती, एकाच पद्धतीने, वर्षभर तपासली तर हजार रुग्णांचा विश्वासार्ह अभ्यास उभा राहू शकतो. त्यात मशेरी लावणाऱ्या स्त्रिया असतील, मधुमेही असतील, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांवर काम करणारे असतील. बोस्टन किंवा माद्रिदच्या अभ्यासांत हे रुग्ण सापडत नाहीत. त्यासाठी लागणारी यंत्रणा म्हसरूळमध्ये आहे. असा अभ्यास घडवायचा तर प्रबंधाच्या विषयांना मंजुरी देण्याची पद्धत बदलावी लागेल, आणि ते परदेशी निधीवाचून जमण्यासारखे आहे.

खर्चाचे ओझे मात्र आज पूर्णपणे रुग्णावर आहे. आरोग्य विम्याच्या सर्वसाधारण योजनांत अपघात वगळता दातांचे बाह्यरुग्ण उपचार बसत नाहीत. केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून सुरू आहे आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत दंत विभाग सक्षम करणे हा त्याचा हेतू. पण सखोल सफाईला चार बैठका, दर बैठकीला पाऊण-एक तास आणि प्रशिक्षित हात लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दात काढणे हेच सर्वांत जलद काम ठरते. दंत महाविद्यालयांची रुग्णालये हा त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग आहे. तिथे वेळ अधिक लागतो, विद्यार्थी काम करतात, पण अध्यापकांच्या देखरेखीखाली आणि मोजणीच्या तक्त्यासह.

हा तक्ता खासगी दवाखान्यातही मागता येतो. प्रत्येक दाताच्या सहा बाजूंची खोली त्यात नोंदवलेली असते. सफाईआधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन तक्ते शेजारी ठेवले की चकती कुठे हवी आणि कुठे नको, याचे निम्मे उत्तर सामान्य माणसालाही वाचता येते. उरलेले निम्मे उत्तर घरच्या मोरीत असते. चकतीतले औषध दहा दिवसांत संपते, तर घरची सफाई ढिली पडली की मुळावरचा थर काही आठवड्यांतच पुन्हा जमू लागतो. त्यामुळे दोन दातांमध्ये शिरणारा लहान ब्रश रोज फिरवणे आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला जाणे हा उपचाराचाच भाग धरला जातो. चकती बसवलेल्या जागी मात्र पहिले दहा दिवस दोरा किंवा असा ब्रश फिरवू नये, अन्यथा ती बाहेर निघून येते.